रेघ टोकाला चिकटते तेव्हा

एका जुन्या वाड्याचा नकाशा संगणकावर गिरवताना माझ्या हातून दोन भिंतींमधला अरुंद बोळ बुजला. मूळ कागदावर तो स्पष्ट होता. रेघ ओढत नेली, ती शेजारच्या भिंतीच्या टोकाला आपसूक चिकटली, आणि मला ते दिसले छपाई झाल्यावर! ही चिकटण्याची सोय आली कुठून, हे शोधण्याचा नाद तेव्हापासून लागला.

माग १९६३ पर्यंत जातो. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधातला 'स्केचपॅड' लिंकन प्रयोगशाळेच्या टीएक्स-२ संगणकावर चाले. पडद्यावर प्रकाशलेखणी धरून चित्र काढायचे. पण नेमका बिंदू हाताने साधणार कसा? म्हणून सदरलँडनी लेखणीचे खऱ्या ठिकाणाखेरीज एक मानीव ठिकाणही कल्पिले. लेखणी रेषेजवळ आली की मानीव ठिकाण थेट रेषेवर, बिंदूजवळ आली की बिंदूवर. दोन्ही जवळ असतील तर मान बिंदूचा. टोकापाशी रेषा असतेच. तिला आधी मान दिला तर टोक कधी हाती लागायचेच नाही. एवढासा नियम, पण मला तो फार शहाणा वाटतो.

पुढचा मोठा टप्पा १९८६ चा. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातले एरिक बिअर आणि मॉरीन स्टोन यांनी सिग्राफ परिषदेत 'स्नॅप-ड्रॅगिंग' मांडले. तोवर अचूकपणासाठी जाळी वापरत, नाहीतर बंधने. जाळीत वाटेल तो कोन बसत नाही. बंधनांत एक बिंदू हलवला की भलतेच काही सरकते. या दोघांनी पट्टी-कंपासची रीत घेतली: ठरल्या कोनाच्या रेषा, ठरल्या त्रिज्येची वर्तुळे तात्पुरती उमटवायची आणि त्यांनाही ओढ द्यायची. शिवाय हाताबरोबर फिरणारा दर्शक आणि उडी मारून चिकटणारी खूण त्यांनी वेगवेगळी ठेवली. हाताने दाखवले कुठे आणि यंत्राने धरले कुठे, हे अंतर डोळ्यांसमोर राहते. माझ्या पडद्यावर ते राहिले असते तर बोळ वाचला असता, असे आपले मला वाटते. (चष्म्याचाही दोष असेल.)

नकाशा पुन्हा काढला, चिकटणे बंद करून. भिंती जरा थरथरल्या आहेत. बोळ आहे.