आधी माग, मग घर?

भिवंडीत एक युक्तिवाद इतक्यांदा ऐकू येतो की लोक आता त्याला नियमच समजतात. माग आधी आले, इमारती नंतर. खडखडाटाशेजारी ज्यानं घर घेतलं त्यानं खडखडाटाची तक्रार करू नये. कामतघरसारख्या वस्तीत नवी शेड चढो, सायझिंगला आणखी एक बॉयलर बसो, की बागेच्या आरक्षणावर गाळे मागितले जावोत, उत्तर हेच.

या पूर्वपक्षाला इतिहासाचं बळ आहे. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले, 1930 च्या दशकात यंत्रमाग आले, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचं बरंचसं विणकाम भिवंडीकडे वळलं. तेलुगू पद्मशाली कुटुंबांनी पद्मानगर गजबजवलं. मागावर जगणाऱ्या या शहराला ‘इथे राहा, तिथे विणा’ असं नकाशावरून सांगणं म्हणजे पोटावर पाय, असं हा युक्तिवाद करणाऱ्यांचं म्हणणं. कायद्याचा आधारही ते देऊ शकतात. स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या 1879 च्या इंग्लिश निकालात न्यायालयानं म्हटलं होतं की उपद्रव ठरवताना परिसर कसा आहे हे पाहावं लागतं.

पण तो निकाल शेवटपर्यंत वाचला पाहिजे. त्यातला मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ मोठाले खल चालवत होता. शेजारच्या डॉक्टरनं तपासणीची खोली नंतर बांधली, तक्रारही नंतर केली, आणि खटला जिंकला डॉक्टरच. ‘मी आधी होतो’ हा बचाव न्यायालयानं मानला नाही.

आपला कायदा तर याहून नेमका आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार दीर्घ वहिवाटीनं हवा किंवा पाणी दूषित करण्याचा हक्क मिळू शकतो, हे खरं. मात्र त्याच अधिनियमाचं कलम 28 त्या हक्काला माप घालतं: वहिवाट सुरू झाली त्या वेळी प्रदूषण जेवढं होतं तेवढाच तो हक्क. कलम 23 सांगतं की उपभोगाची रीत बदलता येईल, पण शेजारच्या मिळकतीवर वाढीव बोजा टाकता येणार नाही. शिवाय सार्वजनिक उपद्रवाला कितीही वर्षं लोटली तरी हक्काचं रूप येत नाही. म्हणजे जुन्या शेडचं जुनेपण फार तर त्या शेडपुरतं. तिच्या शेजारी उभी राहणारी दुसरी शेड आज जन्मते आहे, आणि तिच्यापुरतं पाहिलं तर घरंच आधीची आहेत. झोनिंगच्या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. चालू धंदा हटवा असं कोणी म्हटलं तर मीही विरोध करीन. प्रश्न वाढीचा आहे.

आणि पहिलेपणच मोजायचं ठरलं तर कामतघरात आधी वऱ्हाळा तलाव आहे, त्याच्या काठचं गाव आहे. या तलावाचं पाणी शहराच्या काही भागाला आजही प्यायला जातं. ‘परिसर पाहा’ हा नियम इथे लावला तर तो पिण्याच्या पाण्याचा परिसर ठरतो. बॉयलरची राख किंवा डाईंगचं पाणी इथे किती चालेल, हे त्यावरून ठरवावं लागेल.

‘माग आणि घर इथे एकत्रच नांदतात’ हेही अर्धंच खरं. घरातला हातमाग आणि रात्रपाळीत चालणारी यंत्रमागांची शेड यांना एका नावाखाली आणता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, औद्योगिक भागात 70. डेसिबलच्या मापात दर दहाला ध्वनीची तीव्रता दसपट होते, तेव्हा हा फरक पंचवीस नावाचा छोटा आकडा नव्हे, तो तीनशे पटींहून मोठा आहे. एका भिंतीच्या दोन बाजूंना हे दोन्ही नियम पाळता येत नाहीत. प्रश्न आवाजापुरताही नाही: खाली माल आणि वर कुटुंबं या रचनेची किंमत तालुक्यानं 29 एप्रिल 2023 ला वळ गावात मोजली आहे. गोदाम असलेली इमारत कोसळली आणि आठ माणसं गेली.

बाग कागदावरच आहे, मग तिथे रोजगार का नको, असंही विचारलं जातं. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली होती. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्दच ठरवलं. रुग्णालयासारख्या उपयुक्त गोष्टीसाठीही जी जागा वळवता आली नाही, ती गाळ्यांसाठी कोणत्या तोंडानं मागायची? आणि मोकळी जागा कुणाला लागते? मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार शेडजवळच्या खोलीत झोपतो, त्याची मुलं तिथेच खेळतात. रोजगाराच्या नावानं मागितलेली बाग त्याच्याच मुलांच्या पायाखालून जाते.

आरक्षणात फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे राजपत्रात सूचना काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. राजपत्राखेरीज ती कशी प्रसिद्ध करायची, हे ठरवायची मुभाही तेच कलम देतं. कामतघरासाठी ती मुभा वापरावी: सूचना मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि तेलुगूत छापावी, आणि पाळी बदलते त्या वेळी शेडच्या दारांवर लावावी.