कमलेशकुमारी: फाटक राखणारी शिपाई



दरवर्षी 21 ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. 1959 साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस मारले गेले. त्यांच्या आठवणीसाठी हा दिवस ठरला. मुंबईत नायगावच्या मैदानावर संचलन होतं, जिल्ह्यांच्या ठिकाणीही होतं, आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना मरण आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. यादी लांब असते. त्यातली कितीतरी नावं शिपायांची आणि हवालदारांची असतात. आज आम्ही अशाच एका शिपायाबद्दल बोलणार आहोत. ती बाई होती. तिचं नाव कमलेशकुमारी यादव.

कमलेश उत्तर प्रदेशातल्या कनौज जिल्ह्यातली. 1994 साली ती केंद्रीय राखीव पोलीस दलात, म्हणजे सीआरपीएफमध्ये, भरती झाली. लग्न झालेलं, दोन लहान मुली. 2001 च्या जुलैमध्ये तिची बदली दिल्लीला 88 व्या महिला बटालियनमध्ये झाली आणि संसदेचं अधिवेशन सुरू असताना तिथल्या फाटकावर तिला बंदोबस्त लागला.

या बटालियनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. किरण बेदी 1972 साली आयपीएसमध्ये आल्या, हे आपल्याला ठाऊक असतं. पण साध्या शिपाई बायकांची स्वतंत्र बटालियन उभी राहायला 1986 साल उजाडावं लागलं. ती हीच 88 वी बटालियन. पुढं 2007 साली याच दलातल्या बायकांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी आफ्रिकेत लायबेरियाला गेली, तेव्हा जगभरात तिचं कौतुक झालं. कमलेश या वाटेवरची, पण तिला लायबेरिया पाहायला मिळायचा नव्हता.

13 डिसेंबर 2001. सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते. लोकसभा आणि राज्यसभेचं कामकाज थोड्याच वेळापूर्वी तहकूब झालं होतं, तरी शंभराहून जास्त खासदार आणि काही मंत्री अजून इमारतीतच होते. लाल दिव्याची एक पांढरी अंबॅसिडर मोटार आवारात शिरली. काचेवर गृहमंत्रालयाचा स्टिकर होता. दिवा आणि स्टिकर पाहिला की एरवी कोण कशाला हटकेल? आत मात्र पाच अतिरेकी होते, आणि त्यांच्याजवळ एके-47 बंदुका, हातबॉम्ब आणि स्फोटकं होती.

कमलेश इमारतीच्या 11 क्रमांकाच्या दाराजवळच्या लोखंडी फाटकावर उभी होती. येणाऱ्या बायकांची झडती घेणं हे तिचं काम. तिच्याकडे बंदूक नव्हती. हातात एक वॉकीटॉकी, एवढंच. त्या मोटारीचं काहीतरी वेगळं आहे हे तिच्या ध्यानात आलं. ती फाटक लावायला धावली आणि ओरडून बाकीच्यांना सावध केलं. अतिरेक्यांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. अकरा गोळ्या लागल्या असं सांगतात. ती तिथंच गेली.

पुढं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. अतिरेक्यांची मोटार उपराष्ट्रपतींच्या मोटारीवर आदळली, ते उतरून गोळीबार करत सुटले, आणि सुरक्षारक्षकांनी भराभर इमारतीची दारं लावून घेतली. पाचही अतिरेकी बाहेरच मारले गेले. एकालाही आत पाऊल टाकता आलं नाही.

हे सगळं एकट्या कमलेशमुळं झालं असं म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. म्हणून त्या दिवशी जीव गेलेल्यांची नावं आम्ही इथं सगळी घेतो. संसदेच्या सुरक्षा सेवेतले जगदीशप्रसाद यादव आणि मातबरसिंह नेगी. दिल्ली पोलिसांतले नानकचंद, रामपाल, ओमप्रकाश, बिजेंद्रसिंह आणि घनश्याम. सीआरपीएफची कमलेशकुमारी. आणि बागेत काम करणारे माळी देशराज. जखमी झालेले वृत्तसंस्थेचे कॅमेरामन विक्रम बिश्त पुढं गेले.

ही नावं पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा. आत देशाचे कायदे करणारे होते. बाहेर त्यांच्यासाठी मेले ते शिपाई, हवालदार, रक्षक आणि एक माळी.

कमलेशला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. युद्धभूमीबाहेरच्या शौर्यासाठीचा हा आपल्याकडचा सर्वांत मोठा सन्मान. जगदीशप्रसाद आणि मातबरसिंह यांनाही तो मिळाला. कमलेशच्या आधी अशोकचक्राच्या यादीत नीरजा भनोत हे नाव आहे. 1986 साली मुंबईहून निघालेलं विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं, तेव्हा प्रवाशांना वाचवताना ही हवाईसुंदरी गेली. नीरजावर सिनेमा निघाला, तिचा चेहरा आपण ओळखतो. कमलेशचा फोटो पाहिलेल्या आपल्यात किती जणी असतील? आम्ही आमच्या गटात विचारलं, तर बहुतेकींनी नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

असं का होतं यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. एक कारण असं वाटतं, की शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हत्यार येतं. मारणारा हात आपल्या लक्षात राहतो. कमलेशनं कोणाला मारलं नाही. तिनं पाहिलं, ओळखलं, ओरडली आणि फाटकाकडं धावली. तिचं रोजचं कामच तिनं केलं, फक्त त्या दिवशी त्या कामाची किंमत जीव ही होती. पळून आडोशाला जायला तिला वेळ होता की नाही कोण जाणे, पण ती गेली फाटकाकडं.

आपल्या मातीतलं असंच एक उदाहरण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे नुसत्या लाठीनिशी उभे होते. ते सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि म्हणून तो जिवंत सापडला. त्यांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. एकीच्या हातात वॉकीटॉकी, दुसऱ्याच्या हातात लाठी. दोघांनाही समोर काय आहे ते दिसत होतं. ओंबळ्यांचं नाव महाराष्ट्र घेतो, आणि घ्यायलाच हवं. त्याच ओळीत कमलेशचं नावही आपल्या तोंडी यावं एवढंच आमचं म्हणणं आहे.

दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहिलं. तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मरण आलेल्या चौतीस हजारांहून जास्त पोलिसांची नावं कोरली आहेत. दिल्लीला गेलात तर लाल किल्ला, कुतुबमिनार पाहालच. तिथंही जाऊन या, मुलांना घेऊन जा.

आणि दिल्ली लांब असली तरी एक गोष्ट इथंच करता येते. रेल्वे स्टेशनवर, देवळाच्या रांगेत, सभेच्या मांडवात पडद्याआड एक बाई उभी असते. ती आपली पर्स उघडायला सांगते. आपण घाईत असतो, "काय रोज रोज" म्हणून कुरकुरतो. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असतात तिचे. घरी लेकरं वाट पाहत असतात. पुढच्या वेळी पर्स उघडताना तिला नाव विचारू या. गर्दी नसेल तर पाणी विचारू या. कमलेशही अशाच कामावर उभी होती.

येत्या 13 डिसेंबरला आपल्या बचत गटाच्या बैठकीत तिचं नाव घ्या, आणि आम्हाला कळवा.