लेंडीबाग, शिर्डी

लेंडीबाग : अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात शिर्डी येथे लेंडी नाल्याकाठी असलेली बाग. राहाता शहरापासून सु. ५ किमी., अहिल्यानगर–मनमाड रस्त्यालगत. राहाता तालुका १९९९ मध्ये निर्माण झाला. त्यापूर्वी शिर्डी कोपरगाव तालुक्यात होती.

साईबाबांच्या हयातीत हे गावाबाहेरचे रान होते. बाबा (समाधी : १५ ऑक्टोबर १९१८) आपल्या मशिदीतून, म्हणजे द्वारकामाईतून, रोज इकडे येत. त्यांनी येथे निंब आणि पिंपळ लावले व त्यांच्यामध्ये खड्ड्यात दिवा तेवत ठेवला, तोच नंदादीप. दिव्याची राखण बाबांचे भक्त अब्दुलबाबा यांच्याकडे असे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून भोवती पत्रे व पडदे लावलेले असत. पुढे ही जमीन मुंबईचे भक्त मो. वि. प्रधान यांनी विकत घेऊन साईबाबा संस्थानला दिली. बाबांचा घोडा श्यामसुंदर याची, तसेच भक्त तात्या कोते पाटील व अब्दुलबाबा यांची समाधिस्थाने याच परिसरात आहेत.

बाबांना झाडे लावण्याची हौस होती, हे केवळ लेंडीपुरते खरे नाही. आज जेथे समाधिमंदिर उभे आहे, त्या पडीक जागेत त्यांनी जाई-जुई आणि झेंडू फुलवला होता. वामन तात्या नावाचा भक्त रोज दोन कच्चे घडे आणून देई. बाबा विहिरीचे पाणी स्वतः खांद्यावर वाहून रोपांना घालीत आणि संध्याकाळी घडे एका निंबाखाली ठेवीत. न भाजलेलेच ते, ठेवताच फुटत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नवे. चरित्रकारांना यात लीला दिसते. बागाइतदाराला मात्र पाण्यासाठीची रोजची खेप आधी दिसेल.

पाण्यासाठी अशी खेप येथे साहजिकच, कारण हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिमी.च्या आसपास आणि जमीन काळी. त्यामुळे येथले ओढे चार महिने वाहतात, एरवी डबक्यांपुरते उरतात. दारणा धरणाचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीच्या उजव्या कालव्याने या भागात येऊ लागले, तेव्हापासून ऊस आणि राहात्याचे प्रसिद्ध पेरू वाढले. कालव्याच्या आवर्तनाच्या पाझराने ओढ्यांनाही थोडा ओलावा मिळाला. पण शेत थेट काठाशी भिडले आणि रानपट्टी आक्रसली.

या परिसरातील ओढ्यांचे मूळचे रान काटेरीच. बाभूळ व हिवर ही त्यातली मुख्य झाडे, आणि ती सहज वेगळी ओळखता येतात : बाभळीची साल काळपट व चिरा पडलेली, हिवराची फिकट, बाभळीला पिवळे गोंडे व माळेसारख्या शेंगा, ज्यांवर शेळ्या तुटून पडतात. हिवराचे फुलोरे पावसाळ्यात झाडभर येतात. त्यांच्या जोडीला बोर, निंब, करंज, उंबर. बांधाच्या उघड्या भागावर तरवड आणि रुई. रुईच्या पानांवर वाढणारी बिबळ्या कडवा ही नारिंगी फुलपाखरे वर्षातील बहुतेक काळ दिसतात. वेडी बाभूळ आणि घाणेरी मात्र इथली नव्हेत; एकदा शिरल्या की खाली गवतही नीट उगवू देत नाहीत, आणि नवख्याला त्याच ‘रान’ वाटतात.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. खोपा विणतो नर. मादीला तो पसंत पडला नाही तर अर्धवटच राहतो. खंड्या, धोबी, वेडा राघू, भारद्वाज व टिटवी हे पक्षी या भागात नेहमीचे आहेत. बागेतील जुन्या झाडांवर तांबट आणि बुलबुल.

बागेत हिरवळ, फुलझाडांचे वाफे आणि फरशीच्या वाटा आहेत. ओढ्याकाठचे रान पाहण्यासाठी वस्तीबाहेरच जावे लागते. बागेला ज्या नाल्यावरून ओळख मिळाली, त्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष जाते. राहाता–शिर्डी परिसरात झाडे व पक्षी पाहायचे असल्यास आश्विन ते माघ हा काळ आणि सूर्योदयानंतरची पहिली वेळ चांगली. गुरुवारी, तसेच रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमीच्या उत्सवांत शिर्डीत गर्दी उसळते. बाग निवांत पाहायची असल्यास ते दिवस टाळावेत.