नववं गाणं

परवा भाचा मुंबईहून परभणीला आला होता. हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "मामा, घाबरू नका, हे आपलंच आहे." ड्रमचा मारा आणि घशातून काढलेला घोगरा आवाज. एक अक्षर कळेना. गाण्याचं नाव विचारलं तर म्हणे, "वराह."

'डेमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा हेवी मेटल बँड. साहिल मखिजा हा त्याचा म्होरक्या. 2010 साली याच बँडचा 'द रिटर्न टू डार्कनेस' आधी भारतात आला, मग कँडललाइट या परदेशी कंपनीनं तो बाहेरच्या बाजारात पुन्हा काढला. मार्च 2017 मध्ये 'दशावतार' आला. एक अवतार, एक गाणं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. सगळ्या अल्बमला एकच सूत्र असलं की त्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात. (आपले दशावतारी आणि कीर्तनकार हे काम कधीपासून करतात, पण असो.)

मी नवव्या गाण्यावर अडकलो. बुद्ध.

अल्बम पुन्हा काढताना कंपनी कधी एखादं गाणं घालते, कधी बदलते. दशावताराच्या यादीचंही शतकानुशतकं तेच झालंय. भागवताच्या पहिल्या स्कंधात अवतार दहा नाहीत, बावीस मोजलेत. काही याद्यांत बुद्ध नाही, बलराम आहे. विष्णुपुराणात विष्णूपासून निघालेला मायामोह वेद सोडायला लावून असुरांना फसवतो; म्हणजे बुद्धाचा मान तर घ्यायचा, पण त्याची शिकवण खोटी ठरवायची. बाराव्या शतकात जयदेवानं गीतगोविंदाच्या सुरुवातीला बुद्धाला घेतलं ते मात्र यज्ञातल्या पशूंची दया आलेला म्हणून. आणि आपल्या महाराष्ट्रात? जुन्या पंचांगांच्या चित्रांत, काही देवळांच्या कोरीवकामात नवव्या जागी चक्क कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल उभा आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये या विठ्ठल-बुद्ध नात्याचा सविस्तर शोध घेतलाय.

आता आपल्या जिल्ह्यातलं. गंगाखेडची जनाबाई, नामदेवाघरची दासी, जात्यावर बसणारी. (नामदेवाचं नरसीसुद्धा 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, हे नव्या पोरांना माहीत नसतं.) तिच्या नावावरच्या एका अभंगात कृष्णानंतर बुद्ध येतो, आणि ती त्याला सखा म्हणते. असुरांना फसवणारा बिसवणारा तिथं कुणी नाही. पुराण लिहिणाऱ्यानं केलेला कावा दळण दळणाऱ्या बाईनं मोजलाच नाही.

पण म्हणून हा विषय गोडीगुलाबीनं मिटत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी स्पष्ट आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे मी मानणार नाही, तो खोटा प्रचार आहे. ज्यांनी ही प्रतिज्ञा घेतली त्यांच्यासाठी नववं गाणं हे नुसतं गाणं नाही. आपल्या परभणीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लावलेली असते ती कुणाचा नंबर नऊ म्हणून नव्हे. कुणी हौसेनं दशावताराचं बॅनर छापतो, तेव्हा नवव्या चित्राजवळ समोरच्याला काय टोचतं हे आधी समजून घ्यायला पाहिजे. जनाबाईचा सखा दाखवून प्रतिज्ञा खोडून काढायची, हेही मला पटत नाही. तिनं जवळ घेतलं ते प्रेमानं. पुराणांनी यादीत घेतलं ते वेगळ्या हिशेबानं. दोन्हीला एकच माप लावता येत नाही.

बँडनं यातलं किती वाचलं असेल, ठाऊक नाही. त्यांनी प्रचलित यादी घेतली आणि वाजवली.

हे सगळं भाच्याला सांगितलं. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं, मग म्हणालं, "मामा, जनाबाईचं ते कुठं वाचायला मिळेल?" म्हटलं, उद्या गंगाखेडला जाऊ, परळीच्या लाईनवरच आहे. हेडफोन घेऊन ये.