माळवदावरची माती

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला बर्फ पडत नाही. पण पौष-माघातला बोचरा वारा, वैशाखातले ऊन आणि अवकाळी कोसळणारी गार या तिघांना तोंड देता देता इथले जुने घर घडले. ते घर म्हणजे माळवद.

अहिल्यानगर जिल्हा एकच, पण छपरे दोन तऱ्हांची. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो, म्हणून तिथे गवताची नाहीतर कौलांची उतरती छपरे. दक्षिणेचा कर्जत तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात सपाट धाबे निभावून गेले.

दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट रुंद. त्यांवर किंवा लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडी किलच्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिकण मातीचा जाड लेप. दिवसभराची ऊब ही माती सावकाश पिते आणि रात्री सावकाश सोडते. थंडीच्या दिवसांत माणसे आत एका कुशीला, गुरे दुसऱ्या कुशीला. चूल पेटलेली, अंगावर घोंगडी किंवा वाकळ. छताला ठेवलेल्या साण्यातून धूर बाहेर जाई आणि उजेड आत येई. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपल्याने गुदमरून माणसे दगावल्याच्या बातम्या आजही हिवाळ्यात येतात. तेव्हा त्या छोट्या भोकाचे मोल कळते.

लडाखमध्येही मातीचीच सपाट छपरे, तळमजल्यावर गुरे आणि वर माणसे. कोरड्या मुलखांना एकमेकांची ओळख नसतानाही सारखेच उपाय सुचले.

माळवदाची निगा मात्र दरसाल करावी लागे. मृगाआधी वरचे गवत उपटायचे, उंदरा-घुशींची बिळे बुजवायची, नव्या मातीचा थर देऊन तो चोपून बसवायचा. ज्या घरात हे काम चुकले नाही, ते घर गळले नाही. पण जुनी माती खाली उतरवायची कोणाला आठवण राहत नसे. बापाने टाकलेल्या थरावर मुलगा थर टाकी, आणि काही ठिकाणी छतावर दीड-दोन फूट माती साचली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा परिसर भूकंपाने हादरला. तिथली घरेही अशीच माळवदाची. भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते; भिंती फुगून फाटल्या आणि पिढ्यांनी मायेने चढवलेली माती झोपलेल्यांवर आली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. थंडीपासून आणि उन्हापासून वाचवणारे वजनच जिवावर उठले. ही या घराच्या इतिहासातली सगळ्यात दुखरी गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय माळवदाचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

त्यानंतर माळवदाची धास्ती बसली. जिथे भूकंपाने एक भिंतही पडली नाही, तिथेही लोक पत्र्याखाली निजू लागले. पत्रा हलका, स्वस्त, एका दिवसात चढणारा. पण तो दुपारी तापतो, पहाटे गारठतो, आणि वादळात उडू नये म्हणून वर ठेवलेले दगडच कधी घरातल्यांवर कोसळतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रातली लाखो हेक्टर पिके झोडपली, तेव्हा पत्र्याखालच्या घरांचीही परीक्षा झाली. अशा वेळी जाड धाब्याखालचा माणूस निर्धास्त असतो.

किल्लारीनंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने घरे नुसती नव्याने बांधली नाहीत. लातूर-उस्मानाबादसह इतर जिल्ह्यांतलीही मिळून लाखाहून अधिक जुनी घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम हाती घेतले. अभियंत्यांनी सुचवलेले उपाय गावच्या गवंड्याला जमणारेच होते: छतावरची जादा माती उतरवा, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा, चारही भिंतींना पट्ट्याने एकत्र बांधा. कर्जतच्या आसपास अजून तगून असलेल्या माळवदांना आज याच तीन दुरुस्त्यांची गरज आहे, आणि त्यांतली पहिली तर फावडे-घमेले घेऊन याच उन्हाळ्यात करता येईल.