डार्विनची पॉली, गांडुळं आणि सफरचंदाचं झाड

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बीगल जहाज, गालापागोस बेटं, मोठाली कासवं आणि चोची वेगवेगळ्या असलेले ते पक्षी. शाळेच्या पुस्तकानं एवढंच शिकवलेलं असतं. पण जरा हिशोब करून बघा. बीगलवर तो होता जेमतेम पाच वर्षं, डिसेंबर १८३१ ते ऑक्टोबर १८३६. त्यात गालापागोसला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा. त्यानंतर हा माणूस ब्रिटनच्या बाहेर पुन्हा कधी गेलाच नाही! सप्टेंबर १८४२ मध्ये केंट परगण्यातल्या डाउन नावाच्या खेडेगावात बायकोमुलांसह राहायला गेला आणि १८८२ मध्ये तिथेच वारला. म्हणजे पाच वर्षं जग आणि चाळीस वर्षं एक घर, एक बाग आणि पायात घुटमळणारं एक कुत्रं.

मला त्या पाच वर्षांपेक्षा या चाळीस वर्षांचं जास्त कौतुक वाटतं. त्यातही शेवटच्या दहा-अकरा वर्षांचं. त्या वर्षांत त्याच्यासोबत पॉली होती.

आधी घराबद्दल थोडं. लंडनपासून साधारण १६ मैलांवर डाउन हाउस आहे. घर दिसायला काही फार देखणं नाही, स्वतः डार्विनलाही ते सुरुवातीला कुरूपच वाटलं होतं. पण मागे मोठं कुरण, भाजीपाल्याचा मळा, फळझाडं आणि भरपूर शांतता. डार्विनची तब्येत कायम तोळामासा. उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी. पाहुणे आले आणि तासभर गप्पा झाल्या की रात्र वाईट जायची. त्यामुळे त्यानं दिवसाचं वेळापत्रक असं काही आखून घेतलं होतं की बघणाऱ्यानं घड्याळ लावावं. सकाळी न्याहारीआधी एक छोटी फेरी, पावणेआठच्या सुमारास न्याहारी, आठ ते साडेनऊ काम, मग टपाल, मग पुन्हा काम. दुपारी बाराच्या सुमारास ऊन असो की पाऊस, बागेतली मोठी फेरी. दुपारी एमा (त्याची बायको) कादंबरी वाचून दाखवणार, हा पडल्या पडल्या ऐकणार. संध्याकाळी पुन्हा थोडं काम. आणि रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. दोन म्हणजे दोनच. त्याचाही जय-पराजयाचा हिशोब ठेवलेला!

दुपारच्या त्या फेरीसाठी १८४६ मध्ये त्यानं शेजारच्या लबक कुटुंबाकडून दीडेक एकराची पट्टी भाड्यानं घेतली, तिथे हेझल, बर्च, हॉली अशी झाडं लावली आणि भोवतीनं वाळूची पायवाट केली. हाच तो प्रसिद्ध 'सँडवॉक'. किती फेऱ्या झाल्या हे विचारात गढल्यावर लक्षात राहायचं नाही, म्हणून वाटेवर गारगोट्यांचा ढीग करून ठेवलेला. प्रत्येक फेरीला पायानं एक गारगोटी उडवायची. काउंटर व्हेरिएबल म्हणतात तो हाच :-)

आता पॉली. खरखरीत पांढऱ्या केसांची फॉक्स टेरियर जातीची कुत्री. मुळात ती होती डार्विनच्या मुलीची, हेन्रिएटाची. ऑगस्ट १८७१ मध्ये हेन्रिएटाचं लग्न झालं, ती लंडनला गेली आणि पॉली माहेरीच राहिली. त्याच सुमारास पॉलीला पिल्लं झाली होती आणि ती तिच्यापासून काढून घेतली गेली. मग बाईंनी काय करावं? डार्विनलाच पिल्लू मानलं! सतत त्याच्यामागे, तो उठला की ही उठणार, जमेल तेव्हा त्याच्या अंगावर लोळणार आणि हात इतके चाटणार की त्याला नकोसं व्हावं. एमानं पत्रात हे सगळं लिहून ठेवलंय आणि निदानही तिचंच आहे, की हे आपलंच एक भलंमोठं पिल्लू आहे असं पॉलीनं मनाशी घेतलंय. त्या वेळी हे 'पिल्लू' ६२ वर्षांचं होतं, दाढी छातीपर्यंत आलेली.

मुलगा फ्रान्सिस यानं वडिलांच्या आठवणी लिहिल्यात, त्यात पॉली पुन्हा पुन्हा येते. अभ्यासिकेत सामानाची बांधाबांध सुरू झाली की हिला कळायचं, मालक गावाला निघाला, आणि हिचं तोंड उतरायचं. खोली पुन्हा लावायला घेतली की मालक येणार म्हणून अंगात वारं शिरायचं. जेवणाच्या वेळेआधी डार्विन शेजारून गेला की ही अशी काही थरथरायची की जणू आठवडाभर उपाशी आहे. तो मग तिच्या नाकावर बिस्किट ठेवायचा आणि ते झेलायला लावायच्या आधी अगदी गंभीर चेहऱ्यानं तिला शहाण्यासारखं वागायचा उपदेश करायचा. पाऊस असला की बारा वाजता ही व्हरांड्यात घुटमळायची. जाववत नाही आणि राहवतही नाही. शेवटी तो लांब गेला की कर्तव्यबुद्धी जिंकायची आणि ही भिजत मागून पळायची. रस्त्यावरच्या 'वाईट' लोकांवर भुंकायला तिला दर थोड्या वेळानं बाहेर जायचं असे, मग परत आत यायचं असे. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'चा लेखक दर वेळी काम सोडून उठे आणि दार उघडे. न चिडता.

पॉलीच्या पाठीवर एकदा भाजलं होतं आणि त्या जागी पांढऱ्याऐवजी तांबूस केस उगवले होते. डार्विन त्या केसांबद्दल तिची पाठ थोपटायचा, कारण तिचा बाप लाल रंगाचा बुल टेरियर होता. डार्विनची 'पॅनजेनेसिस' नावाची एक थिअरी होती (१८६८ मध्ये मांडलेली): शरीरातल्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात, पुढच्या पिढीत जातात आणि कधीकधी सुप्त राहतात. बापाचे लाल कण पॉलीत दडून बसले होते, ते भाजल्यावर वर आले, असा तो लाडिक पुरावा. थिअरी साफ चुकीची निघाली. त्याच्याच मावसभावानं नव्हे, पण नात्यातल्याच फ्रान्सिस गाल्टननं सशांवर प्रयोग करून १८७१ मध्ये तिला पहिला धक्का दिला. तिकडे मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्येच छापून झाला होता, पण डार्विनपर्यंत तो पोचला नाही. असो. सॅम्पल साइझ एक, तीही घरची लाडकी. असल्या पुराव्यावर कोड रिव्ह्यूसुद्धा पास होत नाही.

पण गंमत बाजूला ठेवली तर इथेच मुद्द्याची गोष्ट आहे. घरातली कुत्री डार्विनला नुसता विरंगुळा नव्हती. १८७१ च्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याला सांगायचं होतं की माणूस आणि इतर प्राणी यांच्या मनात फरक आहे तो कमी-जास्तीचा, जातीचा नाही. शरीर माकडासारखं आहे हे एक वेळ लोक ऐकून घेतील. पण मन? प्रेम, शरम, आठवण, कल्पना? हे तर माणसाचे खास हक्क! आणि डार्विन पुरावा म्हणून पुढे कोणाला आणतो तर कुत्र्यांना. कारण वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी साक्षीदार बसलेलाच असतो.

बीगलवरून पाच वर्षांनी परत आल्यावर त्यानं वडिलांच्या घरच्या एका तिरसट कुत्र्याची मुद्दाम परीक्षा घेतली. तबेल्याजवळ जाऊन जुन्या पद्धतीनं हाक मारली. कुत्रा नाचला नाही, आनंदला नाही. अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखा गुपचूप मागोमाग फिरायला निघाला. किंवा तो छत्रीचा किस्सा घ्या. गरम, निवांत दुपार. हिरवळीवर कुत्रा पडलेला. लांब एक उघडी छत्री वाऱ्याच्या झुळकीनं मधूनच हलते आणि दर वेळी कुत्रा गुरगुरतो. जवळ माणूस असता तर त्यानं ढुंकून पाहिलं नसतं. डार्विन म्हणतो, कोणी दिसत नसताना वस्तू हलली म्हणजे कोणीतरी अनोळखी जिवंत तिथे आहे, असं काहीतरी त्याच्या मनात चालू असणार, आणि माणसाच्या भुताखेतांवरच्या विश्वासाचं मूळही इथेच कुठेतरी असेल. पिंपळाची पानं सळसळली की आपल्याकडे मुंजा येतो, तोही याच घराण्यातला म्हणायचा.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, भावनांच्या आविष्कारावरचं पुस्तक आलं. त्यात घरचाच बॉब नावाचा कुत्रा आहे. फिरायला निघालं की हा खूश. पण वाटेत डार्विन काचेच्या झाडघराकडे वळला की बॉब ओळखायचा की झालं, आता हा रोपं बघत बसणार, फेरी बहुतेक बोंबलली. मग डोकं खाली, कान-शेपूट पडलेली, चेहऱ्यावर सुतक. घरात या चेहऱ्याला 'झाडघरी चेहरा' असं नावच पडलं होतं.

बागेचंही तेच. चाळीस वर्षं एकच जमीन बघत राहिलं की ती जमीन बोलायला लागते. तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा साफ करून त्यानं उगवणारं प्रत्येक तण मोजलं. ३५७ उगवली, त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी खाल्ली. जगण्याची झुंज हा शब्दप्रयोग आपण केवढ्या आवाजात वापरतो. तिची आकडेवारी निघाली आहे ती एका घोंगडीहून लहान वाफ्यातून. डिसेंबर १८४२ मध्ये त्यानं घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरवले आणि थांबला. किती? २९ वर्षं! नोव्हेंबर १८७१ मध्ये चर खणून पाहिला तर खडूची पांढरी रेघ पृष्ठभागाखाली सात इंचांवर. म्हणजे गांडुळं खालची माती वर आणून टाकतात त्याचा वेग झाला वर्षाला ०.२२ इंच. आपल्याकडे तीन महिन्यांच्या प्रोजेक्टला लोक कंटाळतात.

म्हातारपणी त्याला या गांडुळांनी पुरतं वेड लावलं. कुंड्यांतून गांडुळं घरात आली. त्यांना ऐकू येतं का बघायला शिट्टी वाजवली, फ्रान्सिसनं बसून वाजवला, एमानं पियानो. गांडुळं ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर काढला तर कंपनं जाणवून सुळकन बिळात! गांडूळ बिळाच्या तोंडाशी पान ओढतं ते कुठल्या टोकानं हे पाहायला त्यानं बिळांतून २२७ पानं उपसून काढली. त्यातली १८१ टोकाकडून ओढलेली होती, म्हणजे सोयीच्या बाजूनं. गांडुळाला थोडी का होईना अक्कल आहे, असं त्यानं चक्क लिहून टाकलं. हे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये आलं, त्याचं शेवटचं, आणि काही हजार प्रती भराभर खपल्या. कुत्र्यापासून सुरू झालेली नात्याची साखळी त्यानं अशी थेट गांडुळापर्यंत नेली.

पण नातं मान्य केलं की त्याची किंमतही मोजावी लागते. कुत्र्याला आपल्यासारखंच दुखतं हे ज्यानं शास्त्र म्हणून मांडलं, त्यानं जिवंत प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांबद्दल काय म्हणायचं? तो प्रश्न त्या वेळी इंग्लंडमध्ये पेटला होता. चिरफाड चालू असतानाही करणाऱ्याचा हात चाटणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख डार्विननं स्वतःच 'डिसेंट'मध्ये केला होता. या विषयाच्या नुसत्या विचारानं त्याची झोप उडायची. तरी संपूर्ण बंदी आली तर शरीरशास्त्र थांबेल, असंही त्याचं ठाम मत. १८७५ मध्ये त्यानं राजनियुक्त आयोगापुढे साक्ष दिली, १८७६ मध्ये कायदा झाला. दोन्ही बाजूंचे लोक नाराज राहिले. सोपं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि आहे असा आवही त्यानं आणला नाही.

१८८२ च्या मार्चमध्ये फिरताना त्याच्या छातीत कळ आली. त्यानंतर सँडवॉक बंद झाला. त्या वसंतात हवा मात्र सुंदर पडली होती. तो एमाबरोबर फळबागेत बसायचा. क्रोकसची फुलं उमललेली, पाखरं ओरडताहेत. १७ एप्रिलला फ्रान्सिस घरी नव्हता, तर त्याच्या एका चालू प्रयोगाची नोंद म्हाताऱ्यानं करून ठेवली. १९ एप्रिलला तो गेला. वय ७३.

घरच्यांच्या मनात त्याला गावच्याच चर्चच्या आवारात पुरायचं होतं. गावच्या सुतारानं त्याला आवडली असती तशी साधी, रंधा-पॉलिश नसलेली शवपेटी करूनही ठेवली होती. पण थोरामोठ्यांनी ठरवलं, राष्ट्राचा माणूस आहे, वेस्टमिन्स्टर अॅबेमध्येच हवा. साधी पेटी परत गेली, चकचकीत आली. २६ एप्रिलला लंडनमध्ये न्यूटनच्या जवळ त्याचं दफन झालं.

पॉली? तो गेल्यावर काही दिवसांतच तिलाही संपवावं लागलं. फ्रान्सिसनं हे एका ओळीत लिहिलंय, तेही स्वतःचा शब्द दुरुस्त करत. आधी मेली म्हणतो, मग सांगतो की मारावी लागली. ज्यांनी घरात म्हातारं कुत्रं सांभाळलंय आणि शेवटी डॉक्टरच्या टेबलापाशी त्याचं डोकं धरून उभे राहिलेत, त्यांना ती दुरुस्ती बरोबर कळेल. 'गेला' म्हणणं सोपं असतं. आपण ठरवलं, हे तोंडातून निघत नाही. दुःखानं मेली अशी गोष्ट करणं फ्रान्सिसला सहज जमलं असतं, लोकांना आवडलीही असती. बापाच्या तालमीत तयार झालेला पोरगा, त्यानं जे झालं तेवढंच लिहिलं.

तिला बागेतल्याच सफरचंदाच्या एका झाडाखाली पुरलं. डार्विनला जिथे राहायचं होतं त्या मातीत शेवटी पॉली राहिली.

डाउन हाउस आता संग्रहालय आहे. 'इंग्लिश हेरिटेज'कडे ते १९९६ पासून आहे, अभ्यासिका पुन्हा मांडून ठेवलीय आणि शेकोटीजवळ कुत्र्याची टोपलीही आहे. आता थोडं गणित, सवयच ती. त्या एप्रिलमध्ये कोणी पॉलीच्या जागेवर खुणेचा एखादा दगड नुसता ठेवला असता आणि गांडुळांनी डार्विननं काढलेल्या वेगानं काम चालू ठेवलं असतं, तर तो दगड आज अडीच फुटांहून खाली गेलेला असता. वर नुसतं गवत. म्हाताऱ्याला हा हिशोब आवडला असता असं मला वाटतं. फक्त त्यानं तो कागदावर सोडवला नसता. दगड ठेवला असता, आणि थांबला असता.