तांबड्या ढालीचे रॉथशील्ड

पुष्कळ जण 'रॉथशील्ड' या नावाची फोड 'रॉथ्स-चाइल्ड' अशी करतात. तिथे 'चाइल्ड' कुणीच नाही! फोड 'रोट-शिल्ड' अशी आहे. जर्मनमध्ये 'रोट' म्हणजे तांबडा आणि 'शिल्ड' म्हणजे ढाल, पाटी.

1462 पासून फ्रँकफुर्टच्या ज्यूंना 'युडनगासे' या एकाच अरुंद गल्लीत राहायची सक्ती होती. घरांना क्रमांक नव्हते, दारावरची खूण हाच पत्ता. ढाल, गरुड, जहाज, तारा. सोळाव्या शतकात आयझॅक एल्खानान या गृहस्थाचं घर तांबड्या ढालीचं होतं. वंशजांनी घर सोडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. रॉथशील्डांच्या बँकिंग पेढीचा संस्थापक मायर आमशेल 1744मध्ये जन्मला तो दुसऱ्याच घरात, आणि पुढे त्यानं विकत घेतलेल्या घराची ढाल तर हिरवी होती. तरीही आडनाव तांबडंच राहिलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

त्याच गल्लीत काळी ढालही होती. तिच्यावरून श्वार्त्सशिल्ड. कृष्णविवराच्या गणितात ज्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं, ते कार्ल श्वार्त्सशिल्ड 1873मध्ये फ्रँकफुर्टलाच जन्मले.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली. फ्रँकफुर्टला घराच्या खुणेनं तेच काम केलं.

प्रत्येक रॉथशील्ड मात्र त्या बँकर घराण्यातला नसतो. आडलर (गरुड), श्टेर्न (तारा) ही आडनावं तर ख्रिस्ती जर्मनांतही सर्रास आढळतात, त्यामुळे नुसत्या आडनावावरून कुणाचा धर्म ठरवता येत नाही.